गुलाबी हाकेला येतो, पण थांबत नाही : कोंबड्यांना शिकवण्याबद्दल मदत हवी

घणसोलीची सून | १७ मे, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, धागा पहिलाच. सांभाळून घ्या.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत लेकीने स्टेशनबाहेर टोपलीतली रंगीत पिल्लं पाहिली आणि तिथेच फतकल मारली. वीस रुपयांना एक. एक गुलाबी आणि एक हिरवं घेऊन आलो. हिरवं चौथ्या दिवशी गेलं, गुलाबी जगलं. मग रंग झडला, पांढरी पिसं आली, तुरा आला आणि फेब्रुवारीत एका पहाटे त्याने घसा खाकरून जे काही केलं त्यावरून कळलं, की ही गुलाबी नसून हा गुलाबी आहे. नाव तेच ठेवलं. त्याला सोबत म्हणून माहेराहून, उरणहून, दोन गावठी तलंगा आणल्या : चवळी आणि शेवंती.

आमचं घर गावठाणात. मागे अंगण, अंगणाला भिंत, भिंतीपलीकडे एका सोसायटीचं पार्किंग. गुलाबी भिंतीवर उडी मारतो आणि पलीकडच्या चकचकीत गाड्यांच्या दारात स्वतःचं तोंड दिसलं की त्याच्याशी भांडतो. चोची, पंख, आरडाओरडा. दोनदा सेक्रेटरी दारात येऊन गेले. डबा वाजवला की तो धावत येतो, दाणे टिपतो आणि मी वळले की परत भिंतीवर.

लेकीचं म्हणणं, कुत्रा शिकतो तर गुलाबी का नाही? तिला त्यांना गोल फिरायला, पाटावर चढायला, घंटी वाजवायला शिकवायचंय. सासूबाई म्हणाल्या, "कोंबडीला शिकवून काय दहावीला बसवायचीय?" मला मात्र हाकेला येऊन थांबला तरी पुरे. कोणी केलंय का असं काही?

---

नतद्रष्ट | १७ मे, रात्री ११:०५

मेंदू शेंगदाण्याएवढा. त्यात तुमची कमांड कुठे मावणार? आलं-लसूण-खोबऱ्याचं वाटण लावलं की मात्र सगळ्या सूचना पाळते.

---

बाळकुमचा बाळू | १८ मे, सकाळी ७:१५

नतद्रष्टराव, शेंगदाण्यात बरंच मावतं. इटलीतल्या संशोधकांनी २००९ मध्ये तीन-चार दिवसांच्या पिल्लांसमोर दोन पडद्यांआड छोट्या वस्तू एकेक करून लपवल्या, मग काही इकडच्या तिकडे नेल्या. तरी पिल्लं जास्त वस्तू असलेल्या पडद्यामागेच गेली. म्हणजे डोळ्यांदेखत झालेली बेरीज-वजाबाकी त्यांच्या ध्यानात राहिली. आमच्या नातवाला अजून हातचा कळत नाही.

ताई, मी बारा वर्षं बाळकुमच्या जुन्या घरी कोंबड्या पाळल्या. आता फ्लॅटमध्ये आहे, म्हणून हा जरा लांब प्रतिसाद.

पहिली गोष्ट, गुलाबी शिकलेलाच आहे. डबा वाजला की यायचं, दाणे संपले की जायचं, हे तुम्हीच शिकवलंत. त्याच्या हिशेबाने तो बिनचूक वागतोय. आल्यावर एकदम मूठभर टाकलेत की त्याचं काम संपतं. एक दाणा द्या, थांबा, तो अजून तिथेच असेल तर दुसरा. मग दोन दाण्यांमधलं अंतर वाढवत न्या. थांबणं हेच त्याचं काम झालं पाहिजे.

दुसरी गोष्ट खुणेच्या आवाजाची. कोंबडी भयंकर चपळ. तुम्ही "शाब्बास" म्हणेपर्यंत ती तीन वेगळ्या गोष्टी करून मोकळी झालेली असते, मग शाबासकी नेमकी कशाची हे तिला कळणार कसं? म्हणून एक छोटा, कोरडा, नेहमी सारखाच येणारा आवाज ठरवायचा. टिकटिक करणारं बॉलपेन चालतं. आधी काहीच करायला लावू नका. टिक, दाणा. टिक, दाणा. दहा-पंधरा वेळा. टिक ऐकून तिने मान वळवून वाटीकडे पाहिलं की समजा, खूण पटली. पुढे जे हवं ते घडलं त्या क्षणी टिक, आणि लगेच दाणा. टिक केलं आणि दाणा नाही, असं कधीही नाही.

तिसरी गोष्ट, काठीला बाटलीचं लाल झाकण बांधा आणि चोचीसमोर धरा. गोल, लाल, चमकणारं दिसलं की ती टोचणारच. टोचलं की टिक. दोन दिवसांत झाकण जिकडे तिकडे कोंबडी. मग झाकण गोल फिरवा, कोंबडी गोल फिरेल. पाटावर धरा, पाटावर चढेल. घंटीला लावा, घंटी वाजेल. जमेल तसं झाकण हळूहळू काढून घ्यायचं.

उपाशी ठेवू नका. संध्याकाळच्या खाण्याआधी पाच मिनिटं, बस्स. गळ्याखालची पिशवी टम्म भरली की विद्यार्थी वर्ग सोडून जातो. आणि एका वेळी एकच. दोघी असल्या की जी वरचढ ती दुसरीचे दाणे लाटते. नॉर्वेच्या एका मुलाने लहानपणी घरच्या कोंबड्या बघत वह्या भरल्या होत्या, कोण कोणाला टोचते म्हणून. मोठेपणी १९२१ मध्ये त्याने त्यांच्यातली मानाची उतरंड शास्त्र म्हणून मांडली. तुमच्या अंगणात चवळी वर की शेवंती, ते आधी बघून घ्या.

---

कोलीवाड्याची मावशी | १८ मे, दुपारी १:३०

आमची आय दारान उभी ऱ्हाऊन "टीऽ टीऽ टीऽ" करं, न सगल्या कोंबऱ्या खाडीच्या बांधावरशी धावत येत. तिच्याकडं ना पेन व्हता ना झाकण. मूठ तेवढी रिकामी नसं कधी.

सुने, त्या कोंबऱ्याचे एका पखाची लांब पिसा काप. दुखत नय. एक पख आखूड झाला की भिंत चढं नय.

---

माहेर कोकण | १८ मे, दुपारी २:१०

आमच्याकडे "बा बा बा". "टी टी" ऐकून आमच्या कोंबड्या ढुंकून पाहायच्या नाहीत. एकदा पुण्याची काकू "आ आ, ती ती" करत अर्धा तास उभी होती बिचारी.

---

बाळकुमचा बाळू | १८ मे, दुपारी ३:००

मावशी, मी एवढं पानभर लिहिलं ते तुमच्या आईने एका मुठीत सांगितलं. आवाजात काही नसतं. टी टी काय, बा बा काय, मूठ रिकामी नव्हती हे महत्त्वाचं.

---

गुरंढोरं | १८ मे, रात्री ९:२०

पशुवैद्य आहे, म्हणून थोडं कंटाळवाणं.

स्टेशनबाहेरची ती रंगीत पिल्लं बहुतेक अंडी देणाऱ्या जातींचे नर असतात. अंड्यांच्या धंद्यात नरांचा उपयोग नाही, म्हणून ते असे रंगवून विकले जातात. बरीच दगावतात. गुलाबी जगला हे तुमचं कौतुक, पण पुन्हा घेऊ नका. मागणी असते म्हणून टोपली येते.

मानमोडीची, म्हणजे राणीखेतची, लस दिली नसेल तर जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. शिकवणीनंतर लेकीने साबणाने हात धुवायचे, कोंबडीचा मुका घ्यायचा नाही. आणि पक्षी अचानक मरू लागले तर हात न लावता कळवायचं. २०२२ च्या फेब्रुवारीत आपल्याच जिल्ह्यात, शहापूरच्या वेहळोलीला, बर्ड फ्लू निघाला होता. भीती घालत नाही, पण खाडीकाठी राहता, रानपक्ष्यांची ये-जा आहे. पाण्याचं भांडं उघड्यावर ठेवू नका.

बक्षीस म्हणून काय देताय?

---

घणसोलीची सून | १९ मे, रात्री १०:१५

सगळ्यांचे आभार! लस उरणलाच झाली होती, तलंगांची. गुलाबीची राहिली होती, आज चौकशी केली.

बक्षीस : ज्वारी, तांदळाची कणी, काकडीच्या बिया. पण खरं सांगू? सुका जवळा. जवळ्यासाठी चवळी आमच्या घराच्या सात-बाऱ्यावरसुद्धा सही करेल.

---

गुरंढोरं | १९ मे, रात्री १०:३०

जवळा खारट असतो. धुऊन, सुकवून आणि चिमूटभरच.

---

घणसोलीची सून | ६ जून, रात्री १०:५०

अहवाल. लांब आहे.

चवळी तीन दिवसांत झाकणामागे फिरू लागली. शेवंतीला आठवडा लागला, कारण ती झाकणाला घाबरायची. आधी काठी नुसती जमिनीवर ठेवली, मग तिने नुसतं पाहिलं तरी टिक, मग एक पाऊल टाकलं तरी टिक. गुलाबीचं लक्ष वर्गात कमी, भिंतीवर जास्त. तरी "गुलाबीऽ" म्हटलं की येतो आणि आता दीड मिनिट थांबतो. मी घड्याळ लावलं होतं.

मग दोन गोष्टी बिघडल्या.

पहिली : आमचे सासरे रोज दुपारी ओटीवर शब्दकोडं सोडवतात आणि शब्द आठवेना की पेन टिकटिक करतात. पहिल्या दिवशी तिघंही त्यांच्या खुर्चीभोवती गोळा. त्यांना मजा वाटली. दाणे कुठले द्यायला, ते आपले उभा शब्द सहा अक्षरी शोधतायत. पुढचा आठवडाभर दुपारभर टिकटिक आणि दाणा नाही. आता माझ्या पेनाकडेही कोणी मान वळवत नाही. सगळी मेहनत कोड्यात गेली.

दुसरी : नणंद आली होती, पायाच्या नखांना लालभडक नेलपॉलिश. चवळीने अंगठ्याला झाकण समजून असं टोचलं, की नणंद अजून माझ्याशी नीट बोलत नाहीये. यात चवळीचा काय दोष? तिला शिकवलं तेच तिने केलं, आणि वर माझ्याकडे बघत उभी, टिक कधी होतंय म्हणून.

आणि एक कोडं. लेक "वर!" म्हणते तेव्हा चवळी पाटावर चढते. मी "वर!" म्हटलं तर ढिम्म. आवाज ओळखते का?

---

येऊरच्या पायथ्याशी | ६ जून, रात्री ११:२०

हसून हसून पुरेवाट. नणंदेला बंद चपला भेट द्या.

---

बाळकुमचा बाळू | ७ जून, सकाळी ६:५०

पेनाचं दुःख करू नका. जी खूण खोटी निघते ती मरते, त्याला इलाज नाही. नवी खूण घ्या, जी घरात दुसरं कोणी वाजवत नाही. जिभेने टाळूला "टॉक" करा. जीभ तरी सासरे उसनी नेणार नाहीत.

झाकण बदला, निळं घ्या. कोंबडीला रंग माणसापेक्षा जास्त दिसतात, आपल्याला न दिसणारे अतिनील किरणही दिसतात. लाल-निळ्यातला फरक ती एका दिवसात शिकेल. निळ्याला टोचलं तर दाणा, लालला टोचलं तर काहीच नाही. रागवायचं नाही, हात झटकायचा नाही, नुसतं काहीच नाही.

"वर"चं कोडं सोपं आहे. लेकीला दाराआड उभं करा, कोंबडीला दिसणार नाही अशी, आणि म्हणू द्या "वर". माझी पैज, चवळी जागची हलणार नाही. लेक बोलताना खिशाकडे हात नेत असेल किंवा हनुवटी उचलत असेल. चवळी ते शिकलीये, शब्द नाही. आपण शब्दांची माणसं, आपल्याला वाटतं शब्दाने काम झालं.

अवांतर : अमेरिकेत ब्रेलँड नावाचं नवरा-बायकोचं जोडपं होतं, वर्तनशास्त्रज्ञ स्किनर यांचे विद्यार्थी. १९४७ मध्ये त्यांनी जनावरांना शिकवण्याची कंपनीच काढली आणि पशुखाद्याच्या जाहिरातीसाठी शिकवलेल्या कोंबड्या जत्रांमधून फिरवल्या. त्या बाईंचे दुसरे पती बेली यांनी नौदलासाठी डॉल्फिन शिकवले होते. हे दोघं पुढे कुत्र्यांना शिकवणाऱ्या माणसांचे वर्ग घ्यायचे, आणि वर्गात कुत्रा नसायचा, कोंबडी असायची. कारण कुत्रा तुमची चूक पदरात घेतो, तुम्हाला खूश करायला बघतो. कोंबडीला तुमची भीड नाही. तुमची वेळ अर्ध्या सेकंदाने चुकली की ती भलतंच शिकून बसते आणि चूक तुमची हे लगेच दिसतं.

---

नतद्रष्ट | ७ जून, सकाळी ९:४०

बरं, एक प्रामाणिक प्रश्न. "शांत बस" शिकवता येईल का? पाटावर चढून दोन मिनिटं गप्प. तेवढं जमलं तर पुतण्याच्या वाढदिवसाला तुमच्या चवळीचा कार्यक्रम ठेवू, तिकीट लावून.

---

बाळकुमचा बाळू | ७ जून, सकाळी १०:३०

गंमत म्हणजे ब्रेलँड जोडपं नेमकं इथेच अडकलं होतं. कोंबडीने फळीवर चढून बारा-पंधरा सेकंद नुसतं उभं राहायचं, एवढंच काम. निम्म्याहून जास्त कोंबड्या उभ्या राहीनात, पायाने उकरत राहायच्या. दाणा मिळणार म्हटलं की जमीन उकरणं त्यांच्या हाडात आहे. शेवटी या दोघांनी हार मानून त्यालाच "नाचणारी कोंबडी" म्हणून दाखवलं. अशा फसलेल्या प्रयोगांवर त्यांनी १९६१ मध्ये निबंध लिहिला आणि त्यात गुरूंनाच चिमटा काढला : जनावर म्हणजे कोरी पाटी नव्हे.

म्हणून ताई, शिकवायचं ते कोंबडी मुळात जे करते त्यातलं निवडा. टोचणं, उकरणं, उडी मारणं, मागे धावणं. घंटी, पाट, रिंगमधून उडी, सगळं जमेल. "गप्प बस" सोडून द्या.

तिकिटाचं मात्र जपून. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा आहे आणि तिकीट लावून जनावरांचे खेळ करायचे तर नोंदणी लागते. अंगणात लेकीने घंटी वाजवून घेणं वेगळं.

---

येऊरच्या पायथ्याशी | ७ जून, दुपारी १२:००

आणि पहाटे आरवणं बंद करायची कमांड? आमच्या शेजारी एक आहे, पहाटे चारला सुरू. मालक म्हणतो, टोपलीखाली झाकतो आता.

---

बाळकुमचा बाळू | ७ जून, दुपारी १२:४०

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे आपल्याला ठाऊकच आहे. नागोया विद्यापीठाच्या लोकांनी २०१३ मध्ये दाखवलं, की आरवणंही राहत नाही. कोंबड्यांना सतत मंद उजेडात ठेवलं, तरी ती पहाटेच्या सुमाराला आरवत राहिली. घड्याळ त्यांच्या आतच असतं. बऱ्याच कोंबड्यांत आधी मानाने सगळ्यात वरचा आरवतो, बाकीचे त्याच्या मागून. गुलाबी एकटाच आहे, म्हणजे कायमचा पहिला नंबर.

---

घणसोलीची सून | ७ जून, रात्री ९:३०

दाराआडून करून पाहिलं. पैज जिंकलात. लेक आतून "वर! वर! वर!" ओरडतेय आणि चवळी शांतपणे कुंडी उकरतेय. लेक बाहेर आली, नुसती हनुवटी उचलली, चवळी पाटावर. लेक तासभर रुसली होती. आता ठरवलंय, आधी शब्द, मग क्षणभर थांबून हनुवटी. रोज दहा वेळा.

---

कोलीवाड्याची मावशी | ८ जून, सकाळी ११:००

पोरीला सांग, माजा नवरा पन चालीस वर्सा माजी हनुवटीच वाचतंय. शब्द नय ऐकत.

---

घणसोलीची सून | २५ जुलै, रात्री १०:२०

बऱ्याच दिवसांनी. पावसाने अंगणाचं तळं केलं होतं, वर्ग ओटीवर भरतोय.

"वर" जमलं. दाराआडून, दहात सात-आठ वेळा. चवळी घंटी वाजवते, गोल फिरते. शेवंती फक्त रिंगमधून उडी मारते, बाकी कशात तिला रस नाही. जिभेचं "टॉक" पक्कं बसलंय.

काल गटारी होती. दीर आणि त्यांचे दोन मित्र आले, अंगणात बघून म्हणाले, "वहिनी, गावठी आहे घरचीच, मग बाजारात कशाला जायचं?" लेकीने काही न बोलता पाट मांडला, "वर" म्हणाली, चवळी चढली आणि घंटी वाजवली. दीर म्हणाले, "हिला नावानं हाक मारता?" मग ते गपचूप पिशवी घेऊन बाजारात गेले. रस्सा झालाच, तो मीच केला. आम्ही आगरी माणसं, गटारीला घास-फूस खाऊ असं कोणी समजू नये. पण लेक जेवली नाही, आमटी-भात खाल्ला. तो विषय वेगळा आहे, इथे नको.

गुलाबीबद्दल. मावशी, पिसं कापली आणि भिंतीवर हिरवी जाळीही बांधली. गाड्या वाचल्या. तरी सेक्रेटरी गेल्या रविवारी आलेच, तक्रारीच्या वहीत माझी सही घ्यायला. खिशातून पेन काढलं आणि टिक केलं. महिनाभर मेलेली खूण, आणि तिघंही धावत त्यांच्या पायाशी! ते दचकून मागे सरकले. चवळी तर पाट नाही म्हणून त्यांच्या बुटावर चढली. मी पटकन दाणे टाकले. ते बघत राहिले जरा वेळ, पुन्हा एकदा टिक करून पाहिलं, आणि मग म्हणाले, "ते ठीक आहे, पण पहाटेचं काय?" सही घेऊनच गेले.

आता प्रश्न. शेवंती आठवड्यापासून खुडूक बसलीये. तिच्याखाली सात अंडी ठेवली. पिल्लं झाली तर कितव्या दिवसापासून शिकवायला घ्यायची?

---

बाळकुमचा बाळू | २६ जुलै, सकाळी ७:०५

विसरलेली खूण मध्ये बरेच दिवस गेले की अशी अचानक जागी होते. पण दोन-तीनदा दाणा मिळाला नाही की पुन्हा झोपते. सेक्रेटरींना सांगू नका.

एकवीस दिवस शेवंतीला अजिबात हात लावू नका. दिवसातून एकदा उठेल, खाईल, पाणी पिईल, शिटेल, परत बसेल. पिल्लं निघाली की बघा, ती दाणा चोचीत उचलून परत खाली टाकते आणि "कुक् कुक् कुक्" करते. पिल्लं धावतात आणि तेच टिपतात. प्रयोगात असंही दिसलंय, की आईला नको वाटणारं काही पिल्लं खाऊ लागली तर ती दाण्याकडे आणखी जोरात बोलावते. तेव्हा पहिले दोन महिने शिकवणी तिचीच. तुम्ही फक्त रोज त्याच वेळी तिच्याजवळ बसा आणि तिने "कुक् कुक्" केलं की हळूच जिभेने "टॉक" करा.

आणि ते पेन सासऱ्यांना देऊन टाका. कोडी साचली असतील.

---

कोलीवाड्याची मावशी | २६ जुलै, सकाळी ११:४५

सात नको, नऊ ठेव. न सोमवारी घरान मुंगूस बघितला आमचे, खुराऱ्याची कडी लाव.